सतरा नंबरचे दोन आबाजी

माझा मुलगा आयुष पाच वर्षांचा होत आला तरी त्याच्या डोक्यावर दोन वेण्या होत्या. रोज सकाळी तेल लावून मी त्या घालायची आणि रोज सकाळी तो भोकाड पसरायचा. पोंभुर्ण्याच्या बाजारात बांगडीवाली त्याला हाका मारून हिरव्या बांगड्या दाखवायची. शाळेत नाव घालायला गेले, तर गुरुजींनी वर मान करून एकदा पाहिलं आणि रजिस्टरात 'कुमारी' लिहून टाकलं. मी ते खोडायला लावलं. तेव्हा ते म्हणाले की बाई, मग जूनच्या आधी याचं काहीतरी करा, नाहीतर पोरं याला सोडणार नाहीत.

काय करायचं ते मला माहीत होतं. त्याचं जावळ काढायचं राहिलं होतं. आमच्याकडे जावळ काढताना पोरगं मामाच्या मांडीवर बसतं, आणि मला भाऊ नाही. मामा नसला तर मांडी आईच्या बापाची, म्हणजे माझ्या बाबांची. बाबांना बोलावणं धाडायला माझे सासरे तयार नव्हते, आणि बोलावण्याशिवाय यायला बाबा तयार नव्हते. जावळ विषम वर्षात काढतात. पहिलं वर्ष असं गेलं, तिसरं असंच गेलं, आता पाचवं चालू होतं. दोन म्हाताऱ्यांच्या हट्टापायी माझ्या पोराचे केस वाढत होते आणि त्यातल्या उवा मी काढत होते.

भांडणाचं कारण सांगायची मला लाज वाटते, पण सांगते. कारण थुंकी.

माझं लग्न गावातल्या गावात झालं. सासरे गुणवंतराव मोहुर्ले आणि बाबा श्रीहरी लेनगुरे यांची धानाची शेतं एकमेकांना लागून आहेत. मधे फक्त एक धुरा, म्हणजे बांध. वीस वर्षं त्या धुऱ्यावरच्या दगडांवर बसून दोघांनी एकाच प्लास्टिकच्या पन्नीतला खर्रा खाल्ला. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला हा खर्रा आमच्या भागात जेवणाआधी खातात, जेवणानंतर खातात आणि कधीकधी जेवणाऐवजीही खातात. इतकी दोस्ती म्हणूनच मला त्या घरी दिलं. पुस्तकात ज्यांना व्याही म्हणतात त्यांना आम्ही इवाई म्हणतो. लग्नात इवाईभेट झाली, तेव्हा मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, आनंदाच्या भरात बाबांना मिठी मारून जमिनीवरून वर उचललं. बाबांच्या तोंडात खर्रा होता. पोट दाबलं गेलं आणि तो सगळा मामाजींच्या नव्याकोऱ्या पांढऱ्या सदऱ्यावर आला. फोटोवाल्यानं नेमका तेव्हाच फोटो काढला. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये तो पहिल्या पानावर आहे.

मामाजी म्हणाले, मुद्दाम थुंकला. बाबा म्हणाले, मुद्दाम दाबलं. त्या दिवसापासून बोलणं बंद. मामाजी बाबांचं नावही घ्यायचे नाहीत, 'थो धुऱ्यापल्याडचा' म्हणायचे. बाबा मामाजींना 'थो पहिलवान' म्हणायचे. सासूबाई, कमळाबाई, दोघांनाही समजावून थकल्या आणि त्यांनी देवाला सांगून टाकलं की आता तूच पाहा. देवानंही काही मनावर घेतलं नाही. माझा नवरा निकेश या विषयावर तोंड उघडत नाही. तो दुसऱ्याही कोणत्या विषयावर फारसं उघडत नाही, म्हणून त्याचा नाद मी सोडून दिला.

मागच्या पौषात नागपूरहून टेंभुर्णे मॅडम आल्या. त्या जुन्या दफनांचा अभ्यास करतात. सोबत चार विद्यार्थी आणि एक जीप. सगळा शिवार फिरून त्या नेमक्या आमच्या धुऱ्यावर येऊन थांबल्या आणि म्हणाल्या की हे दगड गोल रचलेले आहेत, ही थडगी आहेत. वीस वर्षं ज्या दगडांवर दोघांनी बूड टेकलं ते दगड गोल आहेत हे दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

वीस दिवस खोदकाम चाललं. काळी-लाल मडकी निघाली, लोखंडाची एक कुऱ्हाड निघाली, आणि खाली दोन माणसं निघाली. सांगाडे शेजारी शेजारी, पण पाठीला पाठ लावून. एकाचं तोंड आमच्या शेताकडे, दुसऱ्याचं बाबांच्या शेताकडे. दोघांच्या मधे तांब्याचं एक लहानसं कडं होतं, आयुषच्या मनगटाएवढं. मॅडम म्हणाल्या, अडीच-तीन हजार वर्षं तरी झाली असतील. गावात लगेच ठरलं की हे राजाराणी आहेत आणि रुसलेले आहेत.

मॅडमनी समाजमंदिरात बसवून सगळ्यांना समजावून सांगितलं. दातामध्ये माणसाचा डीएनए राहतो. तो काढता आला तर ही दोघं एकमेकांची कोण लागत होती ते कळतं, भाऊ की बापलेक की नवराबायको. नवराबायकोत रक्ताचं नातं नसतं, पण त्यांचं मूल सापडलं तर त्याच्यावरून जोडी लागते. सोबत गावातल्या लोकांची थुंकीही तपासायची आहे, नुसती तुलनेसाठी. आपल्याकडच्या उन्हात एवढा जुना डीएनए टिकणं फार अवघड असतं, आणि टिकला तरी हा अमक्याचाच पूर्वज असं काही निघणार नाही, हे त्यांनी तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा लोकांनी माना डोलावल्या. मग सरपंच रुखमाबाई उठल्या आणि म्हणाल्या की धुऱ्यावर पाटी लागेल, आणि ज्याच्या घरचा पूर्वज निघेल त्याचं नाव पाटीवर येईल. मॅडमचं बोलणं तिथंच वाया गेलं.

मामाजी त्या दिवशी घरी येऊन ताठ बसले. ज्याचं तोंड आमच्या शेताकडे तो मोहुर्ल्यांचा, हे त्यांनी चहा पिता पिता जाहीर केलं. पलीकडे बाबांनीही तेच केलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी ते नदीवरून अंघोळ करून, कपाळाला अबीर लावून खड्ड्याजवळ उभे होते.

थुंकी गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. मी गावची आशा आहे. कोरोनात अर्ध्या गावाच्या नाकात मी काड्या घातल्या आहेत, म्हणून लोक मला अजून थोडे घाबरतात. प्रत्येक नळीवर नंबर टाकायचा, नाव फक्त माझ्या वहीत लिहायचं. नियम एकच होता, आधी अर्धा तास तोंडात काही नको. बायकांनी दिली, पोरांनी दिली. पुरुषांची रांग लागली आणि अर्ध्या तासाला येऊन अडकली. मामाजी तीनदा बसले. एकदा अकरा मिनिटं टिकले, एकदा चौदा, आणि तिसऱ्यांदा पन्नीचा आवाज झाला म्हणून मी पाहिलं तर गाल फुगलेला. बाबांचंही तेच. दोघांच्या नळ्या कोऱ्या राहिल्या. निकेशची घेतली, माझी घेतली आणि आयुषची घेतली. आयुषचा नंबर सतरा. मॅडमच्या विद्यार्थ्यानं त्याच्या वेण्यांकडे पाहिलं आणि आपल्या कागदावर सतरापुढे 'मुलगी' लिहिलं. मी पुढच्या माणसाला थुंकायला शिकवत होते, माझं लक्ष गेलं नाही.

सांगाड्यांचे दात दोन पाकिटांत ठेवले होते. आमच्या बाजूच्या सांगाड्याचा दात 'अ' पाकिटात, बाबांच्या बाजूच्याचा 'ब' पाकिटात. पाकिटं समाजमंदिराच्या कपाटात आणि मंडळी जेवायला आमच्या घरी. तेवढ्या वेळात पहारा कोण देईल यावरून वाद झाला. शेवटी रुखमाबाईंनी निवाडा केला की एक दिवस गुणवंतभाऊ बसतील आणि एक दिवस श्रीहरीभाऊ, म्हणजे कोणाची तक्रार नको. गावाला हा न्याय फार आवडला. मलाही आवडला होता, हे कबूल करते.

जाताना मॅडमनी पाकिटं सील केली आणि सगळ्यांचे आभार मानले. त्याच आठवड्यात मी बाबांकडे गेले, तर त्यांच्या पुढच्या दातांत एक खिडकी पडलेली दिसली. विचारलं, तर म्हणाले की हालत होता, दोरी बांधून काढला. मी म्हटलं बरं झालं. याच्यापुढे मी विचार केला नाही, आणि आता त्याचा मला राग येतो.

चार महिने गेले. मधे एकदा मॅडमचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. म्हणाल्या की साधनाताई, दोन्ही दातांत डीएनए इतका चांगला टिकलाय की प्रयोगशाळेतले लोक चक्रावले आहेत. मी गावात सांगितलं. मामाजींनी मिशीला पीळ दिला आणि म्हणाले की मोहुर्ल्यांचं हाड आहे ते. त्यानंतर पंधरा दिवसांनी पुन्हा फोन आला. या वेळी आवाज निराळा होता. मॅडम एवढंच म्हणाल्या की येत्या रविवारी सगळ्यांना जमवा, आणि तुमची ती वही जवळ ठेवा.

मे महिन्याचं ऊन, समाजमंदिरात दोन पंखे आणि सगळं गाव. मामाजी पुढे उजवीकडे धोतर नेसून, बाबा पुढे डावीकडे टोपी घालून. दोघांच्या गालात खर्रा. आयुष मधे मोकळ्या जागेत वेण्या हलवत फिरत होता. मॅडमनी कागद काढला आणि चेहऱ्यावरची रेघ न हलवता वाचायला सुरुवात केली.

पहिली गोष्ट, दोघंही पुरुष आहेत. राजाराणी गेली म्हणून बायका हळहळल्या. दुसरी गोष्ट, दोघांत रक्ताचं कोणतंच नातं नाही. तिसरी गोष्ट, दोघंही तंबाखू आणि सुपारी खात होते. इथं मॅडम थांबल्या आणि म्हणाल्या की तंबाखू आपल्या देशात येऊन जेमतेम चारशे वर्षं झाली आहेत. मागून कोणीतरी अभिमानानं म्हणालं की म्हणजे खर्रा आपल्याच गावात निघाला, आणि दोनचार टाळ्याही पडल्या.

चौथी गोष्ट त्यांनी सावकाश वाचली. गावातल्या नमुन्यांपैकी सतरा नंबरचं मूल या दोघांचंही सख्खं नातवंड आहे. एकाच्या मुलाचं आणि दुसऱ्याच्या मुलीचं. शिवाय आमच्या कागदावर ते मूल मुलगी असं लिहिलंय, तर ती मुलगी नाही, मुलगा आहे.

"ताई," मॅडमनी मला विचारलं, "हा सतरा नंबर कोण?"

वही उघडायची मला गरज नव्हती. मी मधे फिरणाऱ्या आयुषकडे बोट दाखवलं. पण मी तोंड उघडायच्या आधी मामाजी उठून उभे राहिले, कारण त्यांना एवढंच ऐकू आलं होतं की नातं जुळलं.

"मी पयलेच सांगलतो," ते म्हणाले, "थो माह्या घरचा पूर्वज होय. पाटी करा."

बाबाही उठले. ते म्हणाले की दुसरा त्यांचा, पाटीवर दोन नावं पाहिजेत, आणि लेनगुऱ्यांचं वर.

"गुणवंतराव," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आयुषचा आजोबा तुमचा पूर्वज कसा काय?"

"काऊन नाई? आयुषचा आबाजी म्हंजे..." मामाजी थांबले. बोटांवर काहीतरी मोजलं. मग गालातला खर्रा डावीकडून उजवीकडे नेला. "आयुषचा आबाजी तं मी आहो."

"तेच म्हणते मी."

मग मागे कोणीतरी फसकन हसलं, आणि गाव असं हसायला लागलं की बाहेर झोपलेली कुत्री उठून गेली.

हळूहळू सगळं बाहेर आलं. मामाजींची दाढ दिवाळीत चंद्रपूरच्या डॉक्टरनं काढली होती. मेल्यावर सगळे अवयव सोबत जावेत म्हणून ती त्यांनी तपकिरीच्या डबीत जपून ठेवली होती. आपल्या पहाऱ्याच्या दिवशी त्यांनी 'अ' पाकिटातला दात काढला आणि आपली दाढ टाकली. निकेशच्या थुंकीशी ती जुळणारच, म्हणजे पूर्वज मोहुर्ल्यांचा, असा त्यांचा हिशेब. दुसऱ्या दिवशी बाबांनी 'ब' पाकिटात हेच केलं, आपला हालता दात तिथंच बसून उपटून. दोघांनी एकमेकांना न विचारता एकच लबाडी केली होती. आणि खर्रा खाऊन दोघांचे दात असे काळे, झिजलेले झाले होते की मॅडमच्या विद्यार्थ्यांना ते तीन हजार वर्षांचे वाटले.

मॅडमनी खरे दात कुठे आहेत ते विचारलं. मामाजींचा देवघरात निघाला. चार महिने सासूबाई त्याला रोज हळदकुंकू वाहत होत्या, त्यांना तो शाळिग्राम म्हणून सांगितला होता. बाबांनी खिशातून खर्र्याची पन्नी काढली आणि तिच्यातून तो दात वेगळा करून मॅडमच्या हातावर ठेवला.

"एकदा सुपारी समजून चावला," बाबा खाली मान घालून म्हणाले. "फुटला नाई. पक्का माणूस होता जी."

मॅडम रागावल्या. रागावणारच, चार महिन्यांचं काम वाया गेलं होतं. पण बोलता बोलता त्यांचा आवाज फुटायला लागला, आणि त्या तोंडाला रुमाल लावून भिंतीकडे वळल्या. खांदे हलत होते. त्यांना हसू आवरत नव्हतं.

मला मात्र हसू येत नव्हतं. सगळं गाव हसत असताना मामाजी आणि बाबा अजून एकमेकांकडे पाठ करून उभे होते, एकाचं तोंड या भिंतीकडे, दुसऱ्याचं त्या. खड्ड्यातल्या सांगाड्यांसारखे. ते पाहून माझं डोकं फिरलं. मी आयुषला दंडाला धरून दोघांच्या मधे आणलं. मी सासऱ्यांसमोर कधी मोठ्यानं बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले.

"एवढी मोठी मशीन," मी म्हटलं. "तुमच्या दातात शिरली, हड्डीत शिरली. तिले तुमच्या दोघात एकच नातं सापडलं, हे पोरगं. आन् त्याच्याच डोक्शावर तुमचं भांडण वाढून राह्यलं. मामाजी, बाबा, मले आज सांगा. हे केस काढता का मी त्याले साडी घेऊ?"

आयुषनं साडी हा शब्द ऐकून भोकाड पसरलं.

मामाजी भिंतीकडेच पाहत होते. भिंतीवर पाहण्यासारखं काही नव्हतं. मग तिकडेच पाहत म्हणाले, "इवाई, सोमवारी पोराचं जावळ आहे. तुमची मांडी लागते."

सहा वर्षांनी त्यांच्या तोंडून इवाई शब्द निघाला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मी पुसलंही नाही.

बाबा बाहेर निघून गेले. मला वाटलं, झालं, आता हे रुसले. दारातून पाहिलं, तर ते नाल्याकडेला खर्रा थुंकत होते. मग रांजणातलं पाणी घेऊन त्यांनी तीन चुळा भरल्या. आत येऊन मामाजींसमोर उभे राहिले, तोंड मोठ्यानं उघडून खिडकीसकट सगळे दात दाखवले आणि म्हणाले, "आता उचला."

मामाजींनी उचललं. या वेळी सदऱ्यावर काही आलं नाही. त्यांच्या कमरेत मात्र उसण भरली, आणि सोमवारच्या जावळाला ते खाटेवर आडवे पडूनच होते.

जावळ आम्ही धुऱ्यावरच काढलं. आयुष बाबांच्या मांडीवर बसला आणि वस्तरा पाहून त्यांच्या धोतरावर ओला झाला. बाबा म्हणाले, हरकत नाई, आपल्याच घरचं पाणी होय. जूनमध्ये तो टक्कल घेऊन शाळेत गेला, तेव्हा गुरुजींनी मला विचारलं की हा नवीन मुलगा कोणाचा.

खरे दात मॅडमनी प्रयोगशाळेत तपासायला पाठवले होते. दिवाळीच्या आधी त्यांचं पत्र आलं. दोन्ही दातांत काहीच उरलेलं नाही, आपल्या उन्हानं सगळं खाल्लं. ती दोघं एकमेकांची कोण लागत होती ते आता कधीच कळणार नाही. पत्रासोबत नोंदीच्या तक्त्याची एक प्रत होती, माझ्या वहीत लावायला. त्यात सगळं लिहिलेलं होतं, दफन क्रमांक, दिशा, पाठीला पाठ, मधे तांब्याचं कडं, लहान मुलाचं. शेवटच्या रकान्याचं नाव होतं 'नातं', आणि तो मॅडमनी कोरा सोडला होता.

मी ओसरीवर बसून ते वाचत होते. समोर धुऱ्यावर मामाजी आणि बाबा एका दगडावर बसले होते. काहीतरी वाद चालला होता, बहुतेक आयुषचे कान कोणाच्या वळणावर गेले यावर, आणि रागानं दोघांनी एकमेकांकडे पाठ केली होती. आयुष मधे उभा राहून दोघांच्या टोप्या ओढत होता.

मी पेन काढलं आणि त्या कोऱ्या रकान्यात लिहिलं, 'इवाई'.